चार पाडे, पाच ब्रेक

बरं, एवढा आग्रह करताय तर सांगतो. पण आधी कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना आमच्या स्टाफरूममध्ये एकाला चहाचा असा ठसका लागला की पाठीवर थापा मारून मारून आमचे हात दुखले. त्याचं खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण तो हसत होता माझ्यावर, त्यामुळे थापा जरा जोरातच मारल्या.

आणि गावाचं नाव विचारू नका. डहाणूहून तलासरीकडे जाताना आतल्या अंगाला कुठंतरी, इतकंच समजा. नाव सांगितलं तर तुम्ही कधीतरी जाल, टाकीपाशी थांबाल, आणि तिथं उभं असलेलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला सांगेल, "ते सर ना? त्यांनी टाकी घरी नेली होती!" नकोच ते.

तर मी शिकवतो. डहाणूच्या बाजूला एका डिप्लोमा कॉलेजात सी प्रोग्रॅमिंग. चौदा वर्षं झाली. वरोरची पोरं येतात, नरपडची येतात, आतल्या पाड्यांवरून दोन दोन वाहनं बदलून मुली येतात. या सगळ्यांच्या डोक्यात मी चौदा वर्षं एकच गोष्ट खिळ्यासारखी ठोकतोय. स्विच लिहिलात, की प्रत्येक केसखाली ब्रेक लिहा. नाही लिहिला? दोन मार्क गेले. मग रडा, गयावया करा, घरी लग्न होतं म्हणा. गेले म्हणजे गेले!

तुमच्यातल्या ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्विच म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला आपण सांगतो की बाबा, एक नंबर आला तर हे कर, दोन आला तर ते कर, तीन आला तर आणखी काहीतरी. यातल्या प्रत्येक पर्यायाला म्हणायचं केस. आता कॉम्प्युटर म्हणजे पंगतीतला वाढपी. त्याला एका पानापाशी उभं केलं, की तो तिथून वाढत सुटतो. पुढचं पान, त्याच्या पुढचं, थेट टोकापर्यंत. मध्येच कोणीतरी "बस" म्हणावं लागतं. ते बस म्हणणं म्हणजे ब्रेक. एवढं सोपं आहे. इतकं सोपं की दरवर्षी निम्मा वर्ग विसरतो, आणि दरवर्षी मी फळ्यासमोर उभा राहून कपाळावर हात मारून घेतो. "अरे, चुकताच कसे तुम्ही?"

असं मी म्हणायचो. म्हणायचो, लक्षात घ्या.

आमच्या गावात चार पाडे. टेकडीवर पाण्याची टाकी. तिच्यापासून खाली उतरत गेलं की आधी पाटीलपाडा, मग शाळापाडा, मग चिंचपाडा, आणि सगळ्यात खाली, ओहोळाच्या काठी, खालचा पाडा. माझं घर पाटीलपाड्यात. टाकीतून चार पाड्यांना चार पाइप, चार व्हॉल्व्ह, आणि रोज सकाळी प्रत्येक पाड्याला पाऊण तास पाणी. बावीस वर्षं हे काम एकच माणूस करायचा. लाहनूमामा.

लाहनूमामा म्हणजे काटकुळा, कमी बोलणारा, हातात कायम ती लोखंडी लांब चावी. घड्याळ नाही, मोबाइल असून नसल्यासारखा. पण पाऊण तास म्हणजे पाऊण तास! एक पाडा बंद, दुसरा चालू. पाइपाला कान लावायचा आणि सांगायचा, "भरत आली बायांची पिंपं." बावीस वर्षांत पाण्यावरून गावात भांडण झालं नाही. अहो, लग्नातल्या मटणावरून झाली, क्रिकेटवरून झाली, पाण्यावरून नाही.

मग पंचायतीला कुठल्याशा योजनेतून मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह मिळाले. त्यांच्याबरोबर एक पेटी. बटण दाबलं की पेटीने आपली आपण चार पाळ्या चालवायच्या. व्हॉल्व्ह बसवणारे बसवून गेले आणि म्हणाले, पेटीतला प्रोग्रॅम तुम्ही कोणाकडून तरी लिहून घ्या.

आमच्या सरपंच मंजुळाताई घरी आल्या. "सर, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता ना? गावचं काम आहे."

आता मी काय म्हणावं? "बघतो" म्हणावं, "वेळ द्या" म्हणावं. मी म्हणालो, "ताई, हे दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांत केलंसुद्धा! म्हणजे किती घाई ते बघा. एक लूप लिहिला, म्हणजे चार पाळ्यांची फेरी. फेरीच्या पोटात स्विच. एक नंबरची पाळी असेल तर पहिला व्हॉल्व्ह उघड, दोन असेल तर दुसरा. मग पाऊण तास थांब, मग सगळे बंद कर, मग पुढची पाळी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी ठेवली, व्हॉल्व्हच्या जागी चार छोटे दिवे जोडले आणि तपासायला म्हणून थेट चौथी पाळी लावली. चौथा दिवा लागला. बाकीचे तीन विझलेले. वा!

आमची सुरेखा भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "अहो, बाकीचे तीन पण लावून बघा ना."

"अगं, चौथा चालला म्हणजे बाकीचे चालणारच. लॉजिक एकच असतं."

"मला आपलं वाटलं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सुरेखा बारावीपर्यंत शिकलीय, आर्ट्स. मी चौदा वर्षं शिकवतोय, सी. जाऊ द्या.

उद्घाटन झालं. नारळ फुटला. मंजुळाताईंनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, मला शाल मिळाली. लाहनूमामाला पंचायतीने कामावर ठेवलं होतं, पेटीची राखण करायला आणि सकाळी साडेसहाला बटण दाबायला. पण "पुढे बघू" असं म्हणून ठेवलं होतं. पेटी नीट चालली तर माणसाची गरज काय, अशी कुजबुज होतीच. मामाही ते ओळखून होता. टाळ्या वाजवताना त्याची चावी काखेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा मोरीतून ओरडली, "अहो, नळाला करंगळीएवढी धार आहे!"

"नवीन पाइप आहेत, हवा धरली असेल."

तिसऱ्या दिवशी तीच करंगळी. चौथ्या दिवशी अख्खा पाटीलपाडा माझ्या ओटीवर. पाऊण तासात एक हंडा भरत नाही म्हणे. शाळापाड्याचीही रड होती, पण आमच्याहून थोडी कमी. चिंचपाड्याचं बरं चाललं होतं. आणि खालच्या पाड्यात? खालच्या पाड्यात दिवाळी! सकाळी साडेसहापासून पाणी जे सुरू व्हायचं ते बंदच होईना. तीन तास! लोकांनी म्हशी धुतल्या, मोटरसायकली धुतल्या, एकाने घराच्या मागे वांगी आणि मिरची लावली. एक म्हातारा तर नळाखाली पाय सोडून बसायचा, उगाच, बरं वाटतं म्हणून.

आता तुम्ही सांगा, गावात पहिला संशय कोणावर जाईल?

लाहनूमामाची मुलगी कमळी खालच्या पाड्यात दिलेली. झालं! एवढं पुरे. पाटीलपाड्यात चर्चा सुरू झाली की मामा बटण दाबतो, आणि मग जुन्या चावीने, ती नव्या व्हॉल्व्हलाही बसायची, गुपचूप लेकीच्या पाड्याचा व्हॉल्व्ह उघडतो. आणि हे सगळ्यात आधी कोण बोललं? खोटं कशाला सांगू, मीच बोललो. मला ते इतकं पटलं! पेटी तर चुकणार नाही, कारण ती मी लिहिलेली. मग उरला कोण?

एक दिवस सकाळी मी टाकीवर गेलोच, चोर पकडायला. दबकत दबकत, चपला हातात घेऊन. पाटीलपाड्याची, म्हणजे पहिली पाळी चालू होती. मी वाकून चौथ्या पाइपाला हात लावला. पाइप थरथरत होता! पाणी वाहत होतं! आणि दोन पावलांवर लाहनूमामा उभा, हातात चावी.

"मामा! चावी घेऊन इथं काय करता?"

"काय नाय सर. बावीस वरसांची सवय हाय. हात मोकळा ठेवला का दुखतो."

"मग खालच्या पाड्याचं पाणी आत्ता कसं चालू?"

"ती तुमची पेटी करते. मी बटन दाबतो फक्त."

"पेटी चुकत नाही, मामा. पेटीचा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

यावर मामाने चावीचं टोक पहिल्या पाइपावर टेकवलं. मग त्याने जे सांगितलं ते मी आज शब्दान् शब्द सांगू शकतो, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

"सर, मी आयकतो ना रोज. पयली पाळी लागली का चारी पायपांत पाणी बोलतं. दुसरी लागली का पयला गप, तिनांत बोलतं. तिसरीला दोनांत. चवथीला एकात. रोज तसंच. बघा तुमी काय ता."

ऐकलंत? चार, तीन, दोन, एक! अहो, ब्रेक विसरलं की काय होतं याचं यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. पहिल्या केसला शिरला की चारही उघडत सुटणार, दुसरीला शिरला की तीन. हेच तर मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून समजावतो! शाळेची पायरी न चढलेला माणूस पाइपाला कान लावून मला माझ्या प्रोग्रॅममधली चूक ओळीनिशी सांगत होता.

आणि मी काय म्हणालो?

"मामा, तुम्हाला यातलं कळत नाही."

हो. असंच म्हणालो. हसा.

त्याच आठवड्यात ग्रामसभा बोलावली. विषय एकच, पाणी. समाजमंदिर गच्च भरलेलं. चारही पाडे आलेले. मी काय केलं असेल? पेटी चुकूच शकत नाही हे गावाला पटवून द्यायला मी आख्खा प्रोग्रॅम मोठ्या अक्षरात छापून आणला आणि भिंतीवर चिकटवला! हातात लाकडी पट्टी. कॉलेजात मारतो तशी ऐट.

आधी मंजुळाताई बोलल्या. मामाला उभं केलं. "लाहनूमामा, लोकांची तक्रार आहे. चौकशी होईपर्यंत चावी पंचायतीत जमा करा. टाकीवर जाऊ नका."

मामा पुढे आला आणि चावी टेबलावर ठेवली. कमळी मागे बायकांत बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. मग मामा जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बसला नाही.

मग मी उठलो. "मंडळी, यंत्र पक्षपात करत नाही. यंत्राला लेक नसते, जावई नसतो." पाटीलपाड्याने टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. तुम्हाला सांगतो, त्या टाळ्या आठवल्या की मला अजून स्वतःची किळस येते.

"आता बघा. ही पहिली पाळी. इथं लिहिलंय, पहिला व्हॉल्व्ह उघड. आणि त्याच्याखाली..."

माझी पट्टी खाली सरकली. त्याच्याखाली जे असायला हवं होतं ते नव्हतं.

मी पुढची ओळ बघितली. तिच्या पुढची. चारही ठिकाणी नव्हतं. एवढ्या मोठ्या अक्षरात, दिव्याच्या उजेडात, अख्ख्या गावासमोर. ज्या चुकीला मी चौदा वर्षं दोन मार्क कापत होतो, ती मी चार वेळा करून, छापून, भिंतीला चिकटवली होती.

"त्याच्याखाली काय, सर?" मंजुळाताईंनी विचारलं.

"त्याच्याखाली... दुसरी पाळी."

भिंतीकडून मामाचा आवाज आला. "मग पेटी पयला उघडून खाली आली का दुसरा पन उघडते ना, सर? मग तिसरा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता इथं, या जागी, मी म्हणायला हवं होतं की हो मामा, तुमचं बरोबर, माझं चुकलं. एका वाक्याचं काम. तोंड उघडलं सुद्धा मी. आणि त्या तोंडातून निघालं, "मामा, ते जरा तांत्रिक आहे. मी तपासून सांगतो."

आणि बसलो. चावी टेबलावरच राहिली. मंजुळाताईंनी ती उचलून पंचायतीच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि मामा घरी गेला. ब्रेक विसरणं ही चूक असेल हो, माणूस आहे, होतं. पण ते गप्प बसणं चूक नव्हती. ते मी कळून-सवरून केलं.

घरी आल्यावर सुरेखाने जेवायला वाढलं. मी म्हटलं भूक नाही. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाकीचे तीन दिवे बघितले नव्हते तेच का?" मी मान हलवली. तिने ताट झाकून ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माझा बेत असा होता, की प्रोग्रॅम गुपचूप सुधारायचा, पाणी नीट सुरू झालं की हळूच सांगायचं, "पेटीत थोडा बिघाड होता, मामाचा काही दोष नाही." म्हणजे मामाही सुटला आणि माझी शालही वाचली. काय हुशारी!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. टाकीवर एकटाच गेलो, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि ब्रेक द्यायला बसलो. पहिल्या केसखाली ब्रेक. दुसरीखाली ब्रेक. तिसरी, चौथी. झाले चार. स्विचचा कंस संपला. आता उठावं ना माणसाने? पण दुधाने तोंड पोळलेला मी, वाटलं, आणखी एक असू द्या. सुरक्षित. म्हणून कंसाच्या बाहेर, पाचवा.

ज्यांना सी येतं ते आत्ताच हसायला लागलेत, दिसतंय मला. बाकीच्यांना सांगतो. स्विचच्या आतला ब्रेक स्विचमधून बाहेर काढतो. पण स्विचच्या बाहेर दिला, तर तो स्विचला विचारत नाही. तो ज्या लूपमध्ये पडलाय त्या लूपमधूनच बाहेर काढतो. म्हणजे चार पाळ्यांची फेरी पहिल्या पाळीतच खलास! पहिला व्हॉल्व्ह उघडणार, आणि पेटी "झालं माझं काम" म्हणून गप्प. पाऊण तास थांबणं नाही, व्हॉल्व्ह बंद करणं नाही, दुसरी पाळी नाही. हा प्रश्न मी परीक्षेत घालतो. दरवर्षी. पाच मार्कांना.

आणि तपासलं का? हो! बटण दाबलं, पहिला पाइप थरथरला, बाकीचे तिन्ही गप्प. खूश झालो. लगेच पेटी बंद केली, मोटरीवरची दांडी हाताने फिरवून व्हॉल्व्ह बंद केला, दांडी काढून घेतली आणि ती माझ्या बॅगेत टाकली. हे बॅगेचं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मी ते विसरलो.

सोमवारी सकाळी मंजुळाताईंनीच बटण दाबलं आणि त्या कामाला तलासरीला गेल्या, कपाटाची किल्ली पर्समध्ये घेऊन. मी सातला मोटरसायकल काढली, शीळ घालत डहाणूला गेलो. बॅग पाठीला.

साडेदहाला वर्गात होतो. विषय काय होता ते विचारू नका. सुरेखाचा फोन.

"अहो, घरी या."

"लेक्चर चालू आहे."

"अंगणात तळं झालंय. नळाची तोटी उडाली. टाकी रिकामी झाली म्हणतायत. आणि तिन्ही पाडे आपल्या दारात आहेत."

गावात पोचलो तर बघण्यासारखं दृश्य! सकाळपासून फक्त पाटीलपाडा वाहत होता. बंद करायला कोणाकडे काही नाही. मामाची चावी कपाटात, कपाटाची किल्ली तलासरीला, दांडी माझ्या पाठीवर डहाणूला. उताराने पाणी येतं ते पहिल्या घरी जोरात, आणि पाड्यातलं पहिलं घर कोणाचं? माझं! तुळस पाण्यात, चपला तरंगतायत, आणि सुरेखा साडी खोचून पिंपांतून, बादल्यांतून, आंघोळीच्या घंगाळातून पाणी काढून बायकांच्या हंड्यांत ओततेय. दारात रांग. शाळापाडा, चिंचपाडा, खालचा पाडा. रांगेतून एकजण म्हणाला, "या सर. टाकी तुमच्याकडेच हाय ना आता?"

रांगेत कमळी होती. कमरेवर हंडा.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती माझ्यापाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सर, आमच्या पाड्यात जास्त पाणी आलं तवा माझा बाबा चोर झाला. आज तुमच्या घरात सगळ्या गावाचा पाणी हाय. मग तुमाला काय बोलायचा?"

तिने टोमणा नव्हता मारला. तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि ते द्यायचं तर आधी तिच्या बाबाला द्यायला हवं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ओल्या पायांनी तसाच निघालो, खालच्या पाड्यात.

मामा कमळीच्या ओटीवर बसला होता. मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात तेच होतं. चार, तीन, दोन, एक."

"मला म्हाईत हाय," मामा म्हणाला.

"मला सभेतच कळलं होतं, मामा. तरी मी गप्प बसलो."

"ता पन म्हाईत हाय. तुमची पट्टी थांबली तवाच समजला मला."

बघा! म्हणजे तो माणूस दोन दिवस हे पोटात घेऊन बसला होता, आणि मी समजत होतो की कोणाला कळलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलून काय होणार? मी चोर ना!" मामा म्हणाला. "चोराचा कोन आयकतो? तुमी बोला. सगळ्यांच्या समोर बोला."

संध्याकाळी पुन्हा सभा. मंजुळाताई तलासरीहून थेट समाजमंदिरात. गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट, कारण आता करमणूक नक्की होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पहिली चूक सांगितली, गप्प बसलो ते सांगितलं, पाचवा ब्रेक सांगितला. पाटीलपाडा मान खाली घालून, बाकी तिन्ही पाडे पोट धरून. मंजुळाताईंनी कपाट उघडलं आणि चावी स्वतः मामाच्या हातात दिली. मामाचं काम कायम. पेटीही राहील, पण रोज सकाळी मामा चारही पाइपांना कान लावून "बरोबर" म्हणेल तेव्हाच.

"ठराव लिहा," मंजुळाताई म्हणाल्या. ग्रामसेवक रजेवर. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे. "सरांचं अक्षर चांगलं हाय!"

घ्या! वही माझ्यापुढे आली. मामा शेजारी येऊन उभा राहिला. "काय लिवता ता वाचून दावा, सर. मला वाचता येत नाय."

मी लिहीत गेलो आणि मोठ्याने वाचत गेलो. "लाहनूमामांवर घेतलेला पाणीचोरीचा आळ पूर्णपणे खोटा होता."

"बरोबर."

"चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सरांची होती."

"बरोबर."

आता पेन उचलावं की नाही? पण नाही. चौदा वर्षांची शिकवण्याची सवय. हात आपला चालतोच आहे. "तथापि, सदर प्रणाली नवीन असल्याने, तसेच वेळेअभावी संपूर्ण तपासणी शक्य न झाल्याने, आणि काही तांत्रिक बाबी..."

"सर," मामा म्हणाला.

"हं?"

त्याने वाकून वहीवर बोट ठेवलं. अक्षर येत नाही, पण ओळी मोजता येतात. पहिली ओळ, दुसरी ओळ. दुसरीच्या शेवटाला त्याचं बोट थांबलं.

"इथं बस करा. याच्या खालचा सगळा खोडा."

मी सगळं खोडलं आणि त्याने बोट उचलल्यावर तिथं पूर्णविराम दिला. मामाने वाकून ते टिंब नीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"हां. आता बरोबर. पोरांना पन असाच शिकवत जा."